हलक्या पाण्यातले बुटके

विषय : दक्षिण अमेरिकेच्या नदीतील बुटके मासे परभणीत नांदविणेबाबत.
संदर्भ : आम्हा तिघांच्या गप्पा.

उपरोक्त विषयी निवेदन की, किस्से टपालासारखे असतात. वेळेत निकाली काढले नाहीत की गठ्ठा होतो. तिघे म्हणजे मी, निवृत्त कारकून. मानवतचे कुलकर्णी सर. आणि झरीचे शेतकरी माणिकराव. तिघांत मिळून सिक्लिड जातीच्या बुटक्या माशांची एकच रानटी जोडी, थेट नदीतून धरलेली. आयुष्य दोन-तीन वर्षांचं. तेवढ्यात एकदा तरी पिल्लं व्हावीत, एवढीच आमची मागणी.

*

जोडी मुंबईहून एसटीने आली. देवगाव फाट्यावर सरांनी थर्माकोलचा डबा उतरवून घेतला.

"जित्ते मासे? अन् डब्याला भोकं न्हाईत? गुदमरतील की!" कंडक्टरला दया आली. भोकं पाडायला त्याने खिशातला पेन काढला.

आत पाण्याची फुगवलेली पिशवी; सर डब्यावर आडवे झाले!

*

माणिकराव माझ्या घरी टाकीच्या काचेला नाक लावून बसले.

"एवढ्या लांबून आणलं, अन् बोटाएवढंच?"

"पूर्ण वाढलेला नर आहे तो," सर म्हणाले.

"तरीच! ऐट बघा, सरपंच झाल्यावानी!"

*

या माशांना क्षार नसलेलं, हलकं पाणी लागतं. आमच्या बोअरचं जड. मी माणिकरावांना फोन केला, "तुमच्याकडे हलकं पाणी मिळेल का?"

गडी दुखावला. "भाऊसाहेब, तुमाला हलकं कशाला? एकदम भारी देतो!"

दोन कॅन भरून आणले. खरोखरच भारी निघालं. मादीने घातलेली अंडी पांढरी पडली, वाया गेली. मादी दिवसभर त्यांच्यापाशी उभी होती.

तेव्हापासून फिल्टरच्या पाण्याचा जार माणिकरावच खांद्यावरून आणतात.

*

वाळलेली बदामाची पानं पाण्यात टाकली की अंड्यांना बुरशी धरत नाही. सरांनी कुठूनशी चार पानं आणली. पाणी हळूहळू तपकिरी झालं. बाहेर रस्ता तापलेला, वीज गेलेली. आम्ही तिघे त्या पाण्याकडे बघत बसलो. त्यात झाडांच्या सावल्या हलत होत्या, निदान आम्हाला दिसत होत्या.

सर हळूच म्हणाले, "पलीकडच्या काठावर पाऊस पडतोय."

"लय पडायलाय," माणिकराव म्हणाले.

हिने चहाचे कप ठेवले, टाकीकडे पाहिलं. "आपला चहा कोणता अन् माशांचा कोणता, ते बघून घ्या!"

*

पानं कुजून संपली. बदामाचं मोठं झाड माझ्या जुन्या कार्यालयाच्या आवारात. खाली पानांचा सडा. मी वाकलो, तोच खिडकीतून आवाज आला, "काका, शासकीय पाला आहे. अर्ज लागेल."

"अरे, शिपाई रोज जाळतो तो!"

"जाळायचा आदेश आहे. न्यायचा नाही."

राग यायला हवा होता, अभिमान वाटला. या कारकुनाला मीच तयार केलं होतं!

अर्ज दिला. आठ दिवसांनी त्रुटी निघाली : सदर मासे स्थानिक आहेत काय?

मी लिहिलं : रहिवासी आहेत.

"पिशवीभर गुपचूप उचलू," सर म्हणाले.

"अर्ज चालू असताना? छे!"

अंडी घातली की मादी पिवळीधमक होते; काल ती पुन्हा झाली. नारळाच्या करवंटीत अंडी आहेत, ती तोंडाशी पहारा देते आहे. अर्ज वरिष्ठ कार्यालयात अभिप्रायार्थ प्रलंबित आहे.