भोकाएवढा उजेड

प्रयोगशाळेत तिला सगळे ‘टक्का’ म्हणत. तिला दुसरं बोलणंच नव्हतं. प्लास्टिकच्या सौर सेलवर पडलेल्या उजेडाची किती टक्के वीज होते, एवढंच. काल किती, आज किती.

काम किचकट. हवाबंद काचपेटीच्या रबरी हातमोज्यांत हात घालायचे, गरगर फिरणाऱ्या काचेवर जांभळट पॉलिमरचा थेंब सोडायचा. दिसेल न दिसेल असा थर बसतो. जरा चुकलं की मुसळ केरात. त्यावर चांदीचा ठिपका. तो ठिपका म्हणजे सेल.

“लग्नाचं काय?” मावशीनं विचारलं.

“पंधरा टक्के होऊ देत.”

“शंभरातले? म्हणजे नापासच की गं!”

पंधरा झाले. प्रयोगशाळेत कायमची जागा मात्र एकच, आणि दावेदार दोघं: ती आणि तिचा सीनियर, ज्याला सगळे दादा म्हणत. दादानंच तिला काम शिकवलेलं. मोजताना सेलवर भोक असलेली काळी पट्टी ठेवतात, म्हणजे ठिपक्याबाहेरचा उजेड हिशोबात येत नाही. तिनं सुरुवातीलाच पट्टी मागितली होती. “एवढ्याशा सेलला कशाला? राहू दे गं,” दादा म्हणाला. तिनं राहू दिली. पट्टी हवीच, हे नंतर पुस्तकात वाचलंही. पण तोवर आकडा चढायला लागला होता, आणि चढत्या आकड्याला कोण हटकतं?

निवडीच्या दिवशी घरच्यांना यायची मुभा होती. बाबा आले. जन्मभर बस चालवलेले, आज इस्त्रीच्या शर्टात. नकली सूर्याचा दिवा लागला. पडद्यावर पंधरा. बाबांनी मान डोलावली.

“एक मिनिट,” दादा म्हणाला. त्यानं खिशातून काळी पट्टी काढली. “ही विसरलीस, टक्का.”

पट्टी बसली. आकडा अकरावर आला. निवड समितीतल्या बाई चष्मा पुसू लागल्या.

बाबा पुढे सरकले. “अहो, झाकलंय ना ते! उजेडच नाही तर बिचारं करील काय?” आणि त्यांनी बोटानं पट्टी सरकवली. पुन्हा पंधरा. बाबांनी टाळी वाजवली.

खोलीभर हशा पिकला.

“काका, जागा तुम्हालाच देऊन टाकू,” दादा म्हणाला.

बाबाही हसले. सगळे हसत होते म्हणून.

जागा दादाला गेली, हे तिथल्या तिथेच कळलं.

जिना उतरताना बाबा थांबले. “पोरी, माझा हात लागला म्हणून गेली का गं?”

खरं काय ते एका वाक्यात सांगता आलं असतं.

“हो,” ती म्हणाली. “तुमच्यामुळेच.”

बाबांनी हात खिशात घातला. घरी पोचले तेव्हा अंधारलं होतं. ते दिव्याच्या बटणापाशी नुसते उभे राहिले.

“तूच लाव गं,” म्हणाले.