दलेंदाचं मेण

ट्युनिसजवळच्या आमच्या मंझिल बूझल्फा गावात माझ्या बहिणीला सगळे मेणबत्तीवाली म्हणतात. तिचं नाव दलेंदा. गावात अजून दोन-चार तोंडं तिच्याबद्दल वाकडं बोलतात, म्हणून हे लिहायला बसलोय. मी खमैस, तिचा थोरला भाऊ. शाळा सहावीपर्यंतच झाली. पण मधमाश्यांतलं मला जेवढं कळतं तेवढं इथून समुद्रापर्यंत कुणाला कळत नाही, आणि हे मी कुणाच्याही तोंडावर सांगतो. एकशे दहा पेट्या आहेत माझ्या. वसंतात संत्र्यांच्या बागांत, उन्हाळ्यात डोंगरावर रानओव्याच्या फुलांवर. माझ्या बापाकडे मातीच्या नळ्यांतली अकरा पोळी होती. बाकीचं सगळं मी उभं केलं.

दलेंदाने बावीस वर्षं शर्टांच्या कारखान्यात कॉलर शिवल्या. एका सोमवारी गेली तर फाटकाला कुलूप. मालक कुठे गेला ते कुणाला माहीत नाही. ती स्वतःची कात्री तेवढी घेऊन घरी आली. सेहेचाळीस वर्षांची बाई, नवरा नाही, पोर नाही. आठ दिवस घरातले फाटके कपडे शिवत बसली. नवव्या दिवशी माझ्या बायकोचं कुसकुसचं भांडं घेऊन त्यात मेण वितळवायला लागली.

मी म्हटलं, "आता मेणबत्त्या विकणार? वीज आलीय गावात."

"खूया, तू मधाकडे बघ," म्हणाली. खूया म्हणजे माझ्या भावा; लहानपणापासून ती मला अशीच हाक मारते.

तिचं नाक वेगळंच आहे. लहानपणी आई बाहेरून आली की ही आईच्या सफसारीत, बाहेर जाताना अंगभर घ्यायच्या त्या पांढऱ्या चादरीत, नाक खुपसायची आणि सांगायची, आज तू कुणाकुणाच्या घरी गेली होतीस. एकदा चुकली नाही. तेच नाक तिने कामाला लावलं. आमच्याकडे नारिंजाची, म्हणजे कडू संत्र्याची, फुलं घरोघरी उकळून वाफेचं सुगंधी पाणी गाळतात. त्या पाण्यावर जे तेल तरंगतं ते दलेंदा थेंब-थेंब उचलून ठेवते. अख्ख्या मोसमात औषधाच्या बाटलीएवढं निघतं. ते मेणबत्तीत घालायचं, हा तिचा विचार. प्रश्न होता मेण कुठलं घ्यायचं.

वर्षभर तिने तेवढं एकच केलं. आधी दुकानातलं पांढरं मेण आणलं, खनिज तेलाचं. धूर करायचं, भिंत काळी झाली, फुलांच्या वासामागून स्टोव्हचा वास यायचा. मग कुणीतरी तिला सोयाबीनचं मेण दिलं, फ्रान्सहून आलेलं. वास छान धरायचं ते. जुलैत उभी मेणबत्ती अशी बसली की पावाला लावून खाता आली असती. मग ती माझ्याकडे आली.

मी म्हटलं, "आधी का नाही आलीस? घरात खमैस असताना बाजार कशाला?"

"तुझं मेण वास गिळतं," म्हणाली. "त्याला स्वतःचाच वास फार."

"मालकावर गेलंय," माझी बायको आतून म्हणाली.

पण शेवटी दलेंदाने माझंच मेण घेतलं. थेंब दीडपट घालावे लागायचे, तरी घेतलं, कारण माश्यांचं मेण उन्हात ताठ उभं राहतं असं सगळे म्हणतात. बाजारातलं दुसऱ्या कुणाचंही मेण ती आधी चावून बघायची. खरं मेण दातांखाली चुरतं, दाताला चिकटत नाही. खोटं, म्हणजे दुकानातलं पांढरं मेण मिसळलेलं, चिकटतं. हे तिला मीच शिकवलं. माझं मेण मात्र तिने कधी चावलं नाही. मीही नाही. स्वतःच्या घरचं मेण कोण चावून बघतं?

दोन वर्षं तिने काचेच्या पेल्यांतल्या मेणबत्त्या केल्या. पेल्यातली मेणबत्ती वाकत नाही, त्यामुळे काही कळलं नाही. नाव झालं. मग गेल्या ऑगस्टात लल्ला शेलबियाने नातीच्या मेंदीसाठी तीस उंच मेणबत्त्या सांगितल्या, नवरीभोवती मुलींनी हातात धरायच्या. लल्ला म्हणजे बाईसाहेब, आणि शेलबिया म्हणजे आमच्या गावात जिच्या घरी गेल्याशिवाय कुठलं लग्न ठरत नाही ती. दलेंदाने वर्षाची बाटली त्यात रिकामी केली. मी तिला मेणाची चार ढेपा दिली. आणखी दोन लग्नांची कामं याच तीस मेणबत्त्यांकडे बघून येणार होती.

मेंदीच्या दिवशी दुपारी तिने मेणबत्त्या अंगणात तबकांत उभ्या केल्या. पाच वाजेपर्यंत सगळ्या माना टाकून बसल्या. अंगणात चाळीस बायका. शेलबिया त्या सगळ्यांसमोर म्हणाली, "दलेंदा, मेणाला पैसे कमी पडले का गं? सांगायचं होतंस, दिले असते. खमैसचं मेण म्हणालीस ना? खमैसच्या माश्या काय रॉकेल पितात?"

बायका हसल्या. हे मला दलेंदाने नाही सांगितलं, माझ्या बायकोने सांगितलं.

दलेंदा घरी आली आणि वाकलेली मेणबत्ती माझ्यासमोर ठेवली. म्हणाली, "चाव."

मी चावली. दातांना चिकटली. माझ्या डोक्यात आग गेली आणि मी जे बोललो ते आज लिहिताना जीभ झडावी असं वाटतं. मी विचारलं, "तू काय मिसळलंस यात?"

तिने मेणबत्ती माझ्या हातातून काढून घेतली. मग म्हणाली, "सी खमैस." मला आयुष्यात ती कधी सी म्हणाली नव्हती. परक्या माणसाला साहेब म्हणतात तसं. "सी खमैस, आता हे चाव." आणि माझ्या ढेपेचा तुकडा पुढे केला, जिला कुणी हात लावला नव्हता.

तोही चिकटला.

मी पेट्यांकडे गेलो, एक जुनी चौकट काढली, पोळं खरवडलं. मध्ये मेणपत्रा असतो, माश्यांना पोळं बांधायला आधार म्हणून आपण बाजारातून आणून चौकटीत लावतो तो. तो सोलून चावला. च्युइंगगम. सात वर्षं मी ट्युनिसच्या मुंजी दुकानदाराकडून मेणपत्रे घेत होतो. सात वर्षं ते पोळ्यांसकट वितळवून, माझं मेण म्हणून छाती पुढे काढून देत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुंजीच्या दुकानात गेलो. पत्र्यांचा गठ्ठा त्याच्या गल्ल्यावर आदळला. म्हटलं, "चाव."

"अम्म खमैस, बसा, पाणी घ्या," तो म्हणाला, काका म्हणत, गोड आवाजात.

"चाव म्हणतो ना."

"सगळ्यांचे असेच असतात हो," तो म्हणाला. "माशीने कधी तक्रार केली का?"

गिऱ्हाइकं हसली. मी त्याला काय म्हणालो ते छापता येणार नाही. त्याच्या बापाला मी ओळखत होतो, त्यालाही सोडलं नाही. घसा बसेपर्यंत ओरडलो. तो आरामात बिलं लावत होता.

घरी येऊन दलेंदाला सगळं सांगितलं, जरा वाढवूनच. ती वाती कापत होती. म्हणाली, "मुंजीवर ओरडून माझं काय झालं? मला खोटं म्हटलं ते शेलबियाच्या अंगणात. तिथे जाऊन बोल."

"मी? बायकांपुढे उभा राहून सांगू की खमैसचं मेण खोटं?"

"हो. असंच सांग."

"लोक माझा मध घेतील का मग?"

"माझ्या मेणबत्त्या कुणी घेत नाही, सी खमैस. दोन्ही लग्नांनी नाही म्हणून कळवलंय."

चार दिवस मी तिच्याशी बोललो नाही. रागात होतो. कुणावर, तेच कळत नव्हतं, म्हणून सगळ्यांवर. पाचव्या दिवशी शेलबियाकडे लग्नाचं अभिनंदन करायला बायका जमल्या होत्या. तेव्हा गेलो. पुरुष आत येतोय म्हटल्यावर दोघींनी डोक्यावरून पदर ओढले. मी दारातूनच बोललो.

"लल्ला शेलबिया, ते मेण माझं होतं. जसं मी दिलं तसं दलेंदाने वापरलं. खोटं माझं होतं, तिचं नाही."

"म्हणजे तुलाही फसवलं म्हण कुणीतरी," शेलबिया म्हणाली.

"मला फसवलं. तिने कुणाला फसवलं नाही. चाळीस बायकांपुढे बोललात तुम्ही, आता इथे किती आहेत ते मोजा आणि बोला."

"बस खमैस, कॉफी घे."

मी बसलो नाही. तिने शब्द परत घेतला नाही, हे मी आजही विसरलेलो नाही. तीन दिवसांनी नातवाच्या हाती नारिंजाच्या फुलांच्या पाण्याची बाटली पाठवली दलेंदासाठी. स्वतः आली नाही. दलेंदाने बूच काढलं, वास घेतला.

"गेल्या वर्षीचं आहे," म्हणाली, आणि बाटली खिडकीत ठेवली.

दोनपैकी एक लग्न परत आलं. दुसरं नाही आलं.

यंदा मी सगळे मेणपत्रे उपटून काढतोय. माश्या स्वतः पोळं बांधतात, मध निम्मा होतो, आणि नाबेल शहरापर्यंतचे पेटीवाले मला वेडा म्हणतात. म्हणू देत. आणि दलेंदाने तिचं मेण निवडलंय. मध काढताना पोळ्यावरची जी पांढरी झाकणं कापतो, फक्त त्यांचं. ते ताजं, माश्यांनीच केलेलं, मेणपत्र्याशी लागलेलं नसतं, आणि वासही कमी गिळतं. पूर्वी ती झाकणं मी साबणवाल्याला जास्त भावाने विकायचो आणि बहिणीला जुन्या चौकटींचं द्यायचो. तेही लिहून टाकतो.

प्रत्येक ढेपेचा तुकडा ती माझ्यासमोर मोडते, दाढेखाली धरते, सावकाश चावते. मी दारात टोपी हातात घेऊन उभा. ती थुंकते, बोटाने दात तपासते.

"ठेव आत, खूया," म्हणते.