कापलेली इरकली नऊवारी

मैत्रिणींनो, घाईत लिहिते. कापलेली इरकली साडी जोडून देणारं बेळगावात कुणी आहे का?

उद्या येळ्ळूरात आमच्या गल्लीचा चित्ररथ निघणार. माझी सई ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर राणी होऊन उभी राहणार आहे. भाड्याचा पोशाख परवडेना. सासूबाई म्हणाल्या, "ट्रंकेतली माझी इरकली घे की. लग्नातली हाय, जरा जपून."

मी जपूनच घेतली. मोबाईलवर शिवलेल्या नऊवारीचा व्हिडिओ लावला, सईची मापं घेतली आणि दुपारी कात्री चालवली. दोन्ही पायांचे भाग उजव्याच पायाचे कापले गेले. पोशाख गेला, साडीही गेली.

तासाभरापूर्वी सासूबाई शेतातनं आल्या. तुकडे बघून उंबऱ्यातच बसल्या. मला वाटलं, आता ओरडणार. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"कापलीस व्हय गं?"

"आत्ती, शिवायची होती..."

"नऊवारी नेसायची असत्या गं. शिवायची कशाला? मला इचारायचं न्हाय व्हय?"

बारा वर्षं आम्ही एका घरात राहतो. त्या रोज सकाळी माझ्यासमोर नऊवारी नेसतात. कशी नेसायची ते मी त्यांना कधी विचारलं नाही. कशी शिवायची ते मोबाईलला विचारलं.

आता आतल्या खोलीत त्या सईला स्वतःची रोजची, शेतात नेसायची साडी नेसवतायत. मी बाहेर तुकडे मांडीवर घेऊन बसलेय. "आई, बघायला ये की," म्हणून सई हाका मारतेय.

आत जाऊन आत्तींना काय बोलू?