चिचगडच्या चुलीपाशी एक झाकलेला तारा

सरिता ही माझी भाची, तेव्हा पुण्यात ताऱ्यांवर संशोधन करायची. २००९च्या दिवाळीच्या सुमारास तिला परदेशातल्या विद्यापीठाचं बोलावणं आलं. पण तिची माय, म्हणजे माझी थोरली बहीण, हो म्हणेना. तिला मी बाई म्हणतो. भावजी वारल्यापासून बाई चिचगडला एकटीच असते.

"मामा, माय नाही म्हणाली तर मी जाणार नाही," सरिता म्हणाली. नव्या तांदळाचं 'नवं' खायचा दिवस साधून आम्ही दोघं गोंदियाहून निघालो.

चिचगडला जायचं तर आमगाववरून जवळ पडतं. आम्ही कोहमाऱ्याची बस धरली, कारण तीच आधी लागली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धान कापून पडलं होतं. कोहमाऱ्याला ढाब्यावर आलूबोंडा खाताना मी विचारलं, "नेमकं काय शोधतेस गं?"

"ताऱ्यांची जोडी, मामा. एक मेलेला, लहानसा पण भारी. तो जिवंत जोडीदाराचा वायू ओढून घेतो. तो वायू तापला की त्यातून क्ष-किरण निघतात. काही जोड्या धुळीत गुरफटलेल्या असतात. क्ष-किरणांची अवकाश दुर्बीण 'इथंच कुठंतरी' एवढंच सांगते. तिथं तारे खूप. त्यातला खरा जोडीदार कोणता, ते उष्णता टिपणाऱ्या दुसऱ्या दुर्बिणीने ओळखायचं."

चहा आणणारा ढाबेवाला थांबला. "मिल गया तो सरकार इनाम देगी, मॅडम?"

"नहीं भैया, बस पता चलेगा कि वो है."

"बस? तो फिर चाय और लो!"

"मायला काय सांगितलंस?" मी विचारलं.

"हेच. मेलेला तारा जोडीदाराला खातो."

मी कप खाली ठेवला. ग्रहणात पाण्यावरसुद्धा तुळशीचं पान ठेवणारी माझी बहीण, त्यात विधवा. तिने ते कसं ऐकलं असेल?

देवरीहून पुढे शेअरची जीप मिळते. भाडं जड नाही, पण परतीची शेवटची जीप कधी ते उतरतानाच विचारून घ्या. जंगलातल्या वळणावर शेंदूर लावलेला दगड आला. ड्रायव्हरने गाडी हळू केली, माझे हात जुळले.

बाईने पाणी दिलं आणि लेकीला म्हणाली, "आली का? त्या खाऊ ताऱ्याले सोडून? असल्या अभद्रावर नजर ठेवाले मी पोरगी धाडू?"

सरिता वाद न घालता चुलीपाशी बसली. "माय, इस्तो हाय का चुलीत?"

"हाय ना, निखारा राखेखाली."

"मले तं राखच दिसते."

"हात धर वर, समजंल."

सरिताने मायचाच हात धरून राखेवर नेला. "मी हेच करतो, माय. तारा धुळीत झाकला रायते. उबेवरून ओळखाचं, का इथं कोणी हाय."

बाई बराच वेळ हात तसाच धरून राहिली. मग म्हणाली, "इस्तो पाहाले इतक्या दूर कायले जातं वो? चूल तं इथंच हाय!"

आम्ही हसलो. पण 'हो' काही आलं नाही.

दुधात शिजवलेला नवा भात देवाला दाखवला आणि पळसाची पानं मांडली. आमच्या घरी गेलेल्या माणसाचं पान भिंतीकडे आणि जित्यांची चुलीकडे असतात. भावजींचं पान भिंतीकडे मांडून झालं. चुलीकडे आमची तीन. मग बाईने शेजारी चौथं मांडलं.

"हे कोणाचं, बाई?"

"पुढच्या साली हे इथं नसन," तिने सरिताकडे मान वळवली. "हिची जागा धरून ठेवली. दिसली नाही म्हणून का घरची नाही?"

सरिताने पदराला हात पुसावा तसा मायच्या पदरात चेहरा लपवला. माझ्या मनात देवाचं नाव आलं.

पुढच्या वर्षी सरिता परदेशात होती, नव्याला मी एकटाच गेलो. चुलीकडे तीन पानं होती. सरिताच्या पानावर भात वाढून बाईने वरून दुसरं पान झाकलं होतं.

गोंदियाला घरी पोचलो तोच सरिताचा फोन आला. मी तिच्या ताऱ्याबद्दल विचारलं. "दोघांवर संशय आहे, मामा, अजून ठरत नाही," ती म्हणाली. मग तिने विचारलं, "मायने माझं पान मांडलं होतं?"

"हो. झाकलं होतं, दिसत नव्हतं. मी वर हात धरून पाहिला. गरम होतं."