शिवरामचं मुंगूस

शिवराम हा माणूस हट्टी. बरं, नुसता हट्टी असता तर चाललं असतं. हा हुशार आणि वर हट्टी! खोपटच्या डेपोत चौतीस वर्षं त्यानं एसटीची इंजिनं उघडली आणि बसवली. नुसत्या आवाजावरनं कुठला पार्ट बोंबलतोय ते सांगायचा. त्यामुळे आपल्याला न कळणारं जगात काही असतं, हे त्याच्या डोक्यात कधी शिरलंच नाही. रिटायर झाल्यावर चाळीतली खोली मुलाला देऊन तो बायकोला, शकूला घेऊन खडवलीला राहायला आला. दोन खोल्या, मागे परस, परसात एक पपई, आणि कुंपणापलीकडे भीमाबाई.

भीमाबाईचं अख्खं आयुष्य कोंबड्यांत गेलेलं. एप्रिलात तिची एक कोंबडी अकरा पिल्लं घेऊन उठली, आणि नेमकं तेव्हाच तिला लेकीच्या, जयाच्या बाळंतपणाला डोंबिवलीला जायची वेळ आली. जाताना तिनं कोंबडी आणि पिल्लं शिवरामला अर्धलीनं दिली. म्हणजे पक्षी एकाचे, मेहनत दुसऱ्याची, आणि वाढले की निम्मे निम्मे. पण असं कोणालाही देत नाहीत हं. किती जगली, किती मेली, कशानं मेली, हे सांभाळणारा सांगेल तेच खरं मानायचं, उलट विचारायचं नाही. तेव्हा ज्याच्या शब्दाला वजन आहे, त्यालाच द्यायचं.

“दादा, काही करू नका,” भीमाबाई म्हणाली. “सावलीत ठेवा, पाणी ठेवा. बाकीचं आई बघते.”

काही करू नका म्हटल्यावर ऐकेल तो शिवराम कसला! त्यानं मोबाईलवर एक परदेशी व्हिडिओ शोधून काढला. पहिल्या आठवड्यात पिल्लांना पस्तीस डिग्री ऊब लागते, असं त्यात आकड्यासकट सांगितलेलं. झालं! जुनी पत्र्याची पेटी निघाली, तळाला भुसा, वर जाळी, आत शंभरचा बल्ब. पेटीत कोंबडीला जागा नाही म्हणून तिला डालग्याखाली कोंडली. ती बिचारी दिवसभर आतून पिल्लांना हाका मारत बसली.

शकूनं चष्मा लावून तो व्हिडिओ बघितला. “अहो, हा बाबा स्वेटर घालून बसलाय! मागे बर्फ पडलाय त्याच्या!”

“मग? सायन्स सगळीकडे सारखंच असतं.”

“सायन्स असेल हो, पण इथे भिंतीला हात लावला तर चटका बसतोय. बल्ब कशाला हवाय?”

“तू गप गं. चौतीस वर्षं काय गोट्या खेळलो मी?”

पिल्लं बल्बापासून लांब, कोपऱ्यात एकमेकांवर चढून बसायची. पंख पसरलेले, चोची उघड्या. शकू म्हणाली, त्यांना गरम होतंय. शिवराम म्हणाला, भूक लागलीय, चोच उघडी म्हणजे भूक, एवढंही कळत नाही? आणि मूठभर कणी टाकून मोकळा झाला.

तिसऱ्या दिवशी डेपोत महेंद्रचा निरोप समारंभ होता. महेंद्र म्हणजे शिवरामच्या हाताखाली तयार झालेला पोरगा, तोसुद्धा आता रिटायर व्हायला आलेला. दोघं नवराबायको सकाळीच निघाली. निघताना शकूनं हळूच बल्ब बंद केला. फाटकापर्यंत गेल्यावर शिवरामच्या ते लक्षात आलं. चप्पल न काढता तो तसाच मागे फिरला आणि त्यानं बल्ब पुन्हा लावला. “माझं सेटिंग बिघडवू नकोस,” असं वर बजावलंही.

डेपोत त्यानं सगळ्यांना फोटो दाखवले. अकराच्या अकरा जिवंत, अशी ऐट मिरवली. महेंद्र म्हणाला, “भाऊ, तुमच्या हाताला यशच आहे.” शिवरामनं आणखी एक पेढा उचलला.

संध्याकाळी घरी आले तर पेटीतून आवाज नाही. पाण्याची ताटली कोरडी ठक्क. सात पिल्लं भुशावर पाय ताणून पडलेली, चार धुगधुगीवर. शकूनं बल्ब बंद केला, त्या चौघांच्या चोचीला पाण्याचं बोट लावलं आणि त्यांना डालग्याखाली आईकडे सोडलं. नवऱ्याला ती एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, त्याला ओरडता तरी आलं असतं. त्यानं कुदळ घेतली आणि कोणी बघायच्या आत सातही पपईखाली पुरली. तळहातावर एकेकाचं वजन कापसाएवढं होतं. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की हातपाय धुवायला तो घरात गेलाच नाही, तिथेच मातीत बसून राहिला.

आणि नेमका तेव्हाच भीमाबाईचा फोन. जयाला मुलगी झाली होती. म्हातारीचा आवाज आनंदानं फुटत होता. “आणि दादा, तिकडची पोरं कशी आहेत?”

“मुंगूस आलेलं,” शिवराम म्हणाला. “सात नेली.”

कुठून आला तो शब्द, देव जाणे. आयुष्यात त्यानं कधी खोटं बिल लावलं नव्हतं की खोटी रजा टाकली नव्हती. तोंडातून निघून गेलं, आणि पलीकडून भीमाबाई उलट त्याचीच समजूत काढायला लागली.

आठ दिवसांनी ती आली ती तडक त्याच्या परसात. “चूक माझीच, दादा. खुराड्यापाशी असतो तो कुत्रा तुमच्या दारी बांधून जायला पाहिजे होता.” आणि खरोखरच तिनं आपला कुत्रा आणून पेटीजवळ बांधला. शिवराम दोनदा म्हणाला, “अहो कशाला, राहू द्या.”

समोरचा भगवान नळावर म्हणाला, “जाळी शाबूत, रक्ताचा थेंब नाही, हे कसलं मुंगूस?” भीमाबाई त्याच्यावर अशी तुटून पडली की बाप रे! “दादा खोटं बोलणारा माणूस नाही! तुझ्यासारखा वाटला काय?” शिवराम मोरीत अंघोळ करत होता. त्याला सगळं ऐकू आलं. अंगावर तांब्या ओतायचाही तो विसरला.

कुत्रा बांधल्याच्या पाचव्या दिवशी सकाळी भीमाबाई कुंपणाशी आली. हातात मूठभर पिसं. तिच्या अंड्यांवर आलेल्या तीन कोंबड्या पहाटे गेल्या होत्या, खुराड्याखालून माती उकरून. डोळे भरलेले, पण मान ताठ.

“बघा, तुमचंच मुंगूस ते! आता भगवानला दाखवते ही पिसं. म्हणे मुंगूस नव्हतं!”

आता गप्प बसलं की सुटला होता की हो शिवराम! खोट्याचं खरं झालेलं, साक्षीला पिसंसुद्धा. शकू दारात उभी होती. तिनं नवऱ्याकडे बघितलं आणि चहा ठेवायला आत निघून गेली.

“भीमाबाई,” शिवराम म्हणाला, “माझ्याकडे मुंगूस आलंच नव्हतं. मी बल्ब लावलेला. उकाड्यानं मेली. पपईखाली पुरलीत.”

भीमाबाईनं पिसांकडे बघितलं. मग फाटकातून वळसा घालून ती आत आली आणि वाकून कुत्र्याची दोरी सोडायला लागली. गाठ घट्ट बसलेली. शिवराम मदतीला वाकला तसा तिनं त्याचा हात बाजूला केला.

“पिल्लांचं सोडा,” ती म्हणाली. “पहिल्या खेपेला कोणाची मरत नाहीत? माझी काय कमी मेली! पण मुंगूस नाही हे तुम्हाला ठाऊक होतं ना? मग कुत्रा तरी परत पाठवायचा होता.”