दारात टांगलेल्या शेंगा

लग्नानंतर पहिल्याच वर्षी नवऱ्याची बदली एटापल्लीच्याही पुढं, जंगलातल्या एका गावी झाली. तो सरकारी दवाखान्यात कंपाउंडर. नव्वदीच्या शेवटाशेवटाची ती वर्षं. मी चंद्रपूरच्या भरवस्तीत वाढलेली, घराखाली अब्बांचं शिलाईचं दुकान, आणि झाडं म्हणाल तर गच्चीवरच्या डब्यांतले गुलाब. निघताना अम्मीनं त्यातलेच दोन डबे माझ्या मांडीवर ठेवले. एसटीत गुलाबाचे काटे आणि शेजारणीची साडी यांचं भांडण सोडवत मी तिथं पोचले.

क्वार्टरमागे जागा भरपूर होती, बोलायला मात्र कोणी नव्हतं. दवाखान्यात येणाऱ्या बाया माडियात बोलायच्या, मला ओ की ठो कळायचं नाही. नवरा सकाळी जायचा तो दिवे लागताना यायचा. गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही, त्यामुळे पहिले काही महिने मी गुलाबांशीच भांडत होते.

कुंपणापलीकडच्या घरातली बाई तेवढी मराठी बोलायची. वयानं माझ्या अम्मीएवढी, मोह आणि डिंक विकायला बाजारात जाऊन जाऊन शिकलेली. हे एक घर आपलं व्हावं असं मला फार वाटायचं. पण तिथलं काहीच मला उलगडत नव्हतं. तिच्या दारात गाई बांधलेल्या, म्हणून मी चहापुरतं दूध मागितलं, तर ती शांतपणे म्हणाली, "दूध वासराचं असते, बाई." पुढं काही बोलेल म्हणून मी थांबले. ती सुपात धान पाखडायला लागली. शेण मागितलं तेव्हा मात्र हसत सुटली आणि म्हणाली, "घे ना, लागन तेवढं घे."

मग मी शेणाच्याच मागे लागले. युरियाची पिशवी आणायची तर एटापल्ली गाठावी लागायची, आणि अब्बांचाही रासायनिक खतावर राग होता. मी शेण, गोमूत्र आणि गूळ माठात कालवून ठेवायची. त्याला असा वास सुटायचा की नवरा जेवणाचं ताट घेऊन पुढच्या ओट्यावर जायचा. वाफ्यांवर सागाचा सुकलेला पाला अंथरला, किडीवर चुलीतली राख आणि कडुनिंबाच्या पाल्याचं पाणी. वांगी, मिरच्या, टमाटे झाले. कुंपणावर वाल असा चढला की कुंपण दिसेना. गुलाबही धरले.

हिवाळ्यात पहिला गुलाब उमलला तो मी शेजारच्या बाईला दिला. तिनं तिथल्या तिथं अंबाड्यात खोवला आणि दिवसभर मिरवला. मी खूश. दुसऱ्या दिवशी वालाच्या कोवळ्या शेंगा ओंजळभर नेऊन दिल्या. तिनं दोन्ही हातांनी घेतल्या, हसली. आता ही भाजी करेल, कशी झाली सांगेल, बोलणं सुरू होईल, असे माझे मनातले मांडे चालले होते.

तिनं भाजी केलीच नाही. दोन दिवसांनी पाहते तर शेंगा दोरीत ओवून दाराच्या चौकटीला टांगलेल्या. मला वाटलं, वाळवत असेल. मी आणखी दिल्या. त्याही टांगल्या. पलीकडच्या दोन घरांत दिल्या, तिथंही तेच. फूल डोक्यात आणि भाजी दारात, हा काय प्रकार आहे?

नवऱ्याला विचारलं, तर म्हणाला, "तुझ्या त्या माठाचा वास आला असेल त्यांना." हे खरं असावं असं मला एक दिवस वाटलं. मग वाटलं, आपण कोण, कुठल्या, काही जादूटोणा करतो असं तर वाटत नसेल? शेवटी जे वाटायला नको तेच वाटलं. चंद्रपुरात आमच्या गल्लीच्या टोकाला एक घर होतं. ईदचा शिरखुर्मा ते हसून घ्यायचे, वाटी धुऊन परत द्यायचे, आणि मागच्या नालीत तो ओतताना मी लहानपणी स्वतः पाहिलं होतं. अम्मीला मी ते कधी सांगितलं नाही. इथं ती नाली नव्हती, दार होतं, एवढाच फरक. मला इतका राग आला की मी गुलाब देणंही बंद केलं. तरी ती रोज कुंपणाशी येऊन हसायची, त्यामुळे आणखीच गोंधळ व्हायचा. ज्याला आपलं खायचं नाही तो असा हसतो कशाला?

एक दिवस माझ्याच्यानं राहवलं नाही. तरातरा तिच्या अंगणात गेले आणि शेंगांकडे बोट दाखवून विचारलं, "ह्या खाल्ल्या काऊन नाहीत? आमच्या हातच्या म्हणून?"

तिला प्रश्नच कळला नाही. "हाताचं काय?" ती म्हणाली. "पंडुम नाई झाला अजून. नव्या सेंगा पहिले देवाले देतेत, मंग मानसं खातेत. तोवर दारात टांगून ठेवतेत. सारं गाव थांबून हाय."

इतके दिवस मनात काय काय रचलं होतं. मग एकदम ध्यानात आलं, की आमच्या घरी तर रोज वालाची भाजी होत होती. तिच्या डोळ्यांसमोर मी शेंगा तोडत होते, फोडणीचा वास तिच्या अंगणात जात होता.

"मग आम्ही खातो ते?" मी विचारलं. "तुम्ही कधी बोलला नाहीत."

"तुमाले चालते," ती अगदी मायेनं म्हणाली. "तुमी बाहेरच्या. तुमचं गावाले लागत नाई."

घरी आल्यावर नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, मग चांगलंच आहे, निवांत खा. मला रडू फुटलं आणि का ते त्याला सांगता येईना. मला तरी कुठं नीट कळत होतं? आमचं खाणं त्यांना विटाळ नव्हतं, हे ऐकून आनंद व्हायला हवा होता, झालाही. पण आमच्या खाण्यानं त्या गावाचं काही बरंवाईटच होत नव्हतं. आम्ही खाल्लं काय, न खाल्लं काय, सारखंच. राग होता तोवर निदान तो कोणावर काढायचा हे माहीत होतं. पुढं पंडुम झाला, तिनं पळसाच्या पानावर उकडलेल्या शेंगा आणून दिल्या, मी खाल्ल्या, छान लागल्या असं म्हणाले, आणि मनातून तितकीच खट्टू राहिले.

पुढच्या पावसाळ्यात मला हिवताप झाला. नदीला पूर, नवरा पलीकडच्या गावी अडकलेला. ही बाई आपली चटई घेऊन आमच्या घरी राहायला आली. मला पेज पाजायची, डोक्यावर ओलं फडकं ठेवायची, आणि माझ्या बडबडीला माडियात उत्तरं द्यायची. मी बरी झाल्यावर उठून पाहिलं, तर तिनं गुलाबांच्या बुडाशी शेणखतही घातलेलं होतं, अंमळ जास्तच.

मग हिवाळा आला, वाल पुन्हा फुलला. एका सकाळी वाफ्यात उभी असताना पहिली कोवळी शेंग दिसली. ती मी तोडली आणि तशीच कच्ची तोंडाकडे नेली. मागून फाडकन हातावर फटका बसला. शेंग खाली पडली.

"काऊन खाऊन राह्यली?" ती माझ्यावर ओरडत होती, डोळे मोठे केलेले. "पंडुम झाला काय?"

मी हात चोळत म्हटलं, "पण मले तं चालते ना?"

"आता कायचं चालते? गावाले लागन ना."

एवढं बोलून ती तणतणत निघून गेली. मी तिथंच खाली बसले. हात झणझणत होता, डोळ्यांतून पाणी येत होतं आणि हसूही आवरत नव्हतं. कुंपणापलीकडून जाणाऱ्या एका म्हाताऱ्यानं थांबून मला पाहिलं आणि मान हलवून तो पुढं गेला.

रात्री जेवायला बसल्यावर नवरा म्हणाला, "बाहेर शेंगा लगडल्यात आणि तू वरण वाढतेस?"

"आपल्याला चालत नाही अजून," मी म्हटलं.

मी त्याच्या ताटात आणखी वरण वाढलं.