सामान्य बाळाचं जर्नल

गृहविज्ञान शिकते म्हटलं की लोक मला पोळ्या गोल येतात का ते विचारायचे, आणि मी चिडायचे. मानव विकास आणि कुटुंबशास्त्र हा माझा विषय. त्यात माणूस पोटात असल्यापासून म्हातारा होईपर्यंत कसा घडतो ते शिकवतात, हे मी अमरावतीला राजापेठेतल्या रूमच्या मालकिणीपासून ऑटोवाल्यापर्यंत सगळ्यांना ऐकवून झालं होतं. माज होता मला त्याचा.

एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षी प्रत्येकीला एका बाळाचं सहा महिने निरीक्षण करून जर्नल लिहायचं होतं. बाकीच्या पोरी बाळ शोधत गल्लोगल्ली फिरल्या. माझ्याकडे घरचंच होतं. अकोल्याला, जुन्या शहरात, माझ्या भावाची आठ महिन्यांची पोरगी. पंधरा दिवसांनी एकदा शनिवारी एसटीनं जायचं, तक्ता भरायचा, वहिनीच्या हातचं जेवायचं आणि रविवारी परत. आधाराशिवाय बसते, होय. रांगते, होय. वस्तू या हातातून त्या हातात घेते, होय. पोरगी मोठी चलाख. एकेक ओळ भरताना मलाच कौतुक वाटायचं.

‘आवाजाच्या दिशेनं वळते’ ही ओळ मात्र मी कधी पोरगी झोपली म्हणून, कधी बाहेर बँड वाजतोय म्हणून पुढे ढकलत आले होते. शेवटी जर्नल जमा करायला दहा दिवस उरले, तेव्हा तिच्या पाठीमागे बसून वाटीवर चमचा वाजवला. ती डब्याचं झाकण चाटत राहिली. पुन्हा वाजवला, जोरात. स्वयंपाकघरातून वहिनी धावत आली, पोरगी ढिम्म. तिसऱ्यांदा ती वळली, पण तोवर माझ्या हाताची सावली तिच्या समोरच्या भिंतीवर हलली होती. ते मी पाहिलं. नीट पाहिलं.

वहिनी दारातच उभी होती. “ताई, हिचं बरोबर आहे ना सगळं? माझी माय तेल्हाऱ्याहून आली होती, तर म्हने, पोरीले हाक ऐकू येत नाही वाटते. तुमी शिकून राहिल्या, तुमीच सांगा.”

जर्नलचा विषय होता सामान्य बाळाचा विकास. ‘नाही’ लिहिलं की मॅडम म्हणणार, हे बाळ जर्नलला चालणार नाही, दुसरं घे. म्हणजे सगळी मेहनत पाण्यात.

“तसं काही नसते, वहिनी,” मी म्हणाले. “खेळात रमली की लेकरं पाहत नाहीत.” आणि तिच्यासमोर पेनानं ‘होय’ लिहिलं. तिचा चेहरा असा मोकळा झाला की क्षणभर मलाही ते खरंच वाटलं. त्या एका शब्दाची मला आजही लाज वाटते.

जर्नलला वर्गात सगळ्यात जास्त मार्क मिळाले. मॅडमनी ते पुढच्या बॅचला दाखवायला कपाटात ठेवून घेतलं.

नंतर वर्षभर कोणी काही म्हटलं की वहिनी मला पुढे करायची. शेजारणीनं विचारलं, पोरगी बोलत कावून नाही? वहिनीच्या आईनं पुन्हा एकदा तेच सांगितलं. “आमच्या ताई त्याचंच शिकून राहिल्या, त्याईनं पाहिलं आहे,” एवढंच वहिनीचं उत्तर. फोनवर ती मला हे हसत सांगायची आणि मी विषय बदलायचे. भित्री मेली! दुसरा वाढदिवस झाला तरी पोरगी ‘आई’ म्हणाली नाही, तेव्हा वहिनी तिला घेऊन अमरावतीला आली. मी दवाखान्यात सोबत गेले.

तपासणी झाली. दोन्ही कानांनी जवळपास काहीच ऐकू येत नव्हतं. मशीन लावू, शिकवू, डॉक्टर म्हणाले. पण वर्षभर आधी आणलं असतं तर बोलणं शिकायला हिला खूप सोपं गेलं असतं. मग त्यांनी कागद पुढे ओढला. “एवढ्या दिवसांत घरात कोणाच्याच लक्षात आलं नाही?”

मी वहिनीच्या शेजारच्या खुर्चीत बसले होते. आता ही माझ्याकडे बोट दाखवणार, असं वाटलं. वहिनीनं पोरीचा फ्रॉक गुडघ्यांवर नीट केला.

“नाही जी,” ती म्हणाली. “मीच अडाणी. माह्याच लक्षात नाही आलं.”

डॉक्टरांनी तसं लिहून घेतलं. मी लिहू दिलं.